‘बचत करा’ न सांगता बचतीची मोहीम कशी उभारावी?

डिझाइनच्या सत्र-प्रकल्पासाठी ‘तरुणांमध्ये बचतीची सवय’ हा विषय मिळाला की पहिल्याच दिवशी वहीत तीन चित्रं उमटतात: गल्ला, नाण्यांची चढती चळत आणि त्या नाण्यांतून उगवलेलं रोप. खाली ‘थेंबे थेंबे तळे साचे’. पोस्टर दिसायला छान होतं, पण ते पाहून कोणी एक पैसाही बाजूला टाकत नाही. बचत चांगली असते हे विशी-बाविशीतल्या मुलामुलींना लहानपणापासून ऐकून पाठ आहे. पैसे हातात आल्यापासून संपेपर्यंतच्या दिवसांत बाजूला टाकण्याचा क्षण कधी येऊन गेला, हे मात्र त्यांना कळत नाही. मोहीम त्या क्षणासाठी आखायची असते. ते कसं करायचं, ते क्रमाने पाहू.

१. ब्रीफमधला (प्रकल्पासाठी मिळालेल्या कामाच्या टिपणातला) ‘तरुण’ हा शब्द खोडा

वसतिगृहात राहून घरच्या पैशांवर शिकणारी मुलगी, पहिला पगार हाती पडलेला मुलगा, काम मिळेल तसे पैसे मिळवणारा फ्रीलान्सर आणि पगारातला मोठा वाटा घरी पाठवणारी व्यक्ती, हे सगळे तेवीस वर्षांचे असू शकतात. पण त्यांच्या पैशांचं वेळापत्रक एकमेकांशी अजिबात जुळत नाही. एकच गट निवडा. ‘सगळ्यांसाठी’ केलेली मोहीम शेवटी ज्युरीसाठीच, म्हणजे प्रकल्प तपासणाऱ्या परीक्षकांसाठीच केलेली असते.

निवडताना एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: या लोकांकडे महिनाअखेरीस काही उरण्याची शक्यता तरी आहे का? ज्यांचा खर्चच मिळकतीच्या बाहेर जातो त्यांना बचतीचं पोस्टर दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे. ज्यांच्या डोक्यावर चढ्या व्याजाचं कार्डाचं कर्ज आहे त्यांनी साधारणपणे आधी ते फेडलेलं बरं, कारण बचत खात्यावर मिळणारं व्याज त्या व्याजाच्या आसपासही पोहोचत नाही. मोहिमेत हे स्पष्ट लिहायची तयारी ठेवा.

२. मुलाखतीत मत विचारू नका, मागचा महिना विचारा

‘तुम्ही बचत करता का?’ या प्रश्नाला लोक शोभेल तेच उत्तर देतात. त्यापेक्षा विचारा: ‘मागच्या वेळी पैसे जमा झाले, तो दिवस आठवा. त्या दिवशी पहिला खर्च कुठला झाला? दुसऱ्या दिवशी? आता खर्च आवरायला हवा असं पहिल्यांदा कधी वाटलं?’ समोरच्याला स्वतःच्या फोनवरचे व्यवहार बघत बोलू द्या. तुम्ही मात्र त्या पडद्यात डोकावू नका, त्याचा फोटो काढू नका आणि रकमा टिपू नका. तुम्हाला क्रम आणि वेळ हवी आहे, आकडे नकोत. पैशांबद्दल बोलताना माणसं लाजतात, म्हणून गटचर्चेपेक्षा एकेकट्याशी बोलणं बरं. गटात सगळे एक तर उधळे तरी होतात, नाही तर शहाणे तरी.

आठ-दहा जणांशी नीट बोललात तरी बरंच हाती लागतं. नवीन माणूस जुनीच गोष्ट सांगायला लागला की थांबा.

सगळ्यात बारीक लक्ष द्या ते लोकांनी स्वतःच शोधलेल्या जुगाडांकडे. कोणी दुसरं खातं उघडून त्याचं कार्डच घेत नाही. कोणी पैसे बहिणीकडे ठेवायला देतं आणि ‘मागितले तरी देऊ नकोस’ असं बजावतं. कोणी बँकेच्या ॲपवर खात्याला सहलीचं नाव देऊन ठेवतं. ही माणसं स्वतःच स्वतःपुरते डिझाइनर झालेली असतात, आणि तुमच्या मोहिमेची कल्पना बहुधा यांतल्याच एखाद्या जुगाडात दडलेली असते. त्यांचे शब्दही जसेच्या तसे टिपा. कोणी ‘आर्थिक नियोजन’ म्हणत नाही. ‘वीस तारखेनंतर ओढाताण होते’ असं म्हणतात.

३. नेमकं कुठे अडतं ते ठरवा

टिपणं भिंतीवर लावलीत की अडथळे वेगवेगळे दिसू लागतात. प्रत्येकावरचा उपाय वेगळा असल्यामुळे इथे घाई करू नका. या विषयावर अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी भरपूर काम केलं आहे आणि ते डिझाइनच्या विद्यार्थ्याला थेट वापरता येतं.

पहिला अडथळा साधा विसर. बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपिन्समधल्या बँकांच्या ग्राहकांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या आठवण देणाऱ्या संदेशांनीही बचत वाढली. ज्या संदेशात बचतीचं उद्दिष्ट आणि मिळणारा लाभ या दोन्हींचा उल्लेख होता, ते विशेष परिणामकारक ठरले. म्हणजे ‘बचत करायला विसरू नका’ यापेक्षा ‘लॅपटॉपसाठीचा या महिन्याचा हप्ता बाकी आहे’ हे बरं.

दुसरा अडथळा आज खिशातून काहीतरी जातंय ही भावना. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी यावर युक्ती काढली: आज काही कापू नका, पुढची पगारवाढ होईल तेव्हा तिच्यातला काही भाग बचतीत जाईल एवढंच आज कबूल करा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, पहिल्या प्रयोगात सहभागी झालेल्या कर्मचाऱ्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

तिसरा अडथळा म्हणजे साठवलेल्या पैशाला सारखा हात लागणं. फिलिपिन्समधल्या एका बँकेने, ठरलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत असं खातं देऊ केलं. ज्यांना ते देऊ केलं त्यांच्यापैकी साधारण २८ टक्के लोकांनीच ते घेतलं. तरीही वर्षभराने, ज्यांना ते देऊ केलं त्या पूर्ण गटाची सरासरी बचत तुलनेच्या गटापेक्षा बरीच जास्त वाढलेली होती. स्वतःला कुलूप लावून घ्यायला सगळे तयार होत नाहीत, पण जे होतात त्यांना त्याची खरंच गरज असते.

चौथा अडथळा म्हणजे भविष्य लांब वाटणं. डिझाइनवाल्यांना हाच सगळ्यात जास्त मोहात पाडतो. हॅल हर्शफील्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लोकांना स्वतःचाच म्हातारा चेहरा आभासी वास्तवात दाखवला. तो पाहिलेल्यांनी निवृत्तीसाठी जास्त पैसे राखून ठेवायची तयारी दाखवली. कल्पना इतकी दृश्य आहे की दर वर्षी कोणी ना कोणी ती उचलतंच. पण तो निर्णय प्रयोगशाळेतला होता, आणि तुमच्या गटाला चिंता निवृत्तीची नसून घराच्या अनामत रकमेची असेल, तर सुरकुत्यांचा फिल्टर हा नुसता खेळ होऊन बसतो.

४. मोहिमेचं एक वाक्य लिहा

त्या वाक्यात कोणी, कोणत्या क्षणी आणि कोणती एक कृती करायची, हे सगळं यायला हवं. उदाहरणार्थ: ‘पहिली नोकरी लागलेल्या व्यक्तीने पहिला पगार जमा होण्याआधीच, दर महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला एकदा देऊन ठेवावी.’ तीच कृती पहिल्या पगाराच्या आधी करणं आणि चौथ्या पगारानंतर करणं यात फार फरक आहे. तोवर खर्चाला सगळ्या रकमेची सवय झालेली असते. ‘बचतीबद्दल जागरूकता वाढवणे’ हे असं वाक्य होऊ शकत नाही, कारण ते घडलं की नाही हे कधीच कळत नाही.

आधीच भरून ठेवलेल्या आकड्याबाबत सावध राहा. अमेरिकेतल्या एका कंपनीने नव्या कर्मचाऱ्यांना निवृत्ती योजनेत आपोआप घ्यायला सुरुवात केली, त्याचा ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शी यांनी अभ्यास केला (२००१). सहभाग खूप वाढला, पण बरेच जण कंपनीने आधीच धरलेल्या, पगाराच्या ३ टक्के कपातीवरच बसून राहिले. तुमच्या फॉर्मवर किंवा पडद्यावर उदाहरण म्हणून लिहिलेला आकडा अनेकांसाठी कायमचा आकडा ठरेल. तो विचार करून निवडा.

५. सूर ठरवा

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या जातीचं काहीही नको. तरुणांना ते घरातल्या बोलण्यासारखं ऐकू येतं आणि पालथ्या घड्यावर पाणी पडतं. ‘बहुतेक तरुण काहीच वाचवत नाहीत’ हा धक्का देणारा मथळाही टाळा. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की आपण एकटे नाही, चाललंय ते चालू दे.

दोष माणसावरून उचलून दुसरीकडे ठेवण्याचं जुनं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या राष्ट्रीय बचत समितीसाठी फिलिप बॉयडेल यांनी ‘स्क्वॉन्डर बग’ (उधळपट्टीचा किडा) नावाचा एक खोडकर, किळसवाणा किडा रेखाटला. तो दुकानात गिऱ्हाईकाच्या कानाशी लागून नको ते घ्यायला भरीस पाडायचा. बोलणी खायची ती किड्याने, गिऱ्हाईकाने नव्हे. अर्थात युद्धकाळात सगळ्यांपुढे एकच उद्दिष्ट होतं. आज ते नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपलं उद्दिष्ट स्वतः लिहायला जागा सोडा.

रक्कम कशी मांडता यालाही महत्त्व आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बचतीच्या ॲपवर एकच रक्कम काहींना दररोजची म्हणून, काहींना महिन्याची म्हणून दाखवली; दररोजच्या आकड्याला महिन्याच्या आकड्यापेक्षा सुमारे चौपट लोकांनी होकार दिला. पण चक्रवाढीचा आलेख काढताना मनाला येईल तो दर धरू नका. ६ टक्के दराने पैसे दुप्पट व्हायला साधारण १२ वर्षं लागतात, आणि तोवर महागाईही वाढलेली असते. हे लपवणारा आलेख कितीही देखणा असला तरी तो फसवणूकच करतो.

६. माध्यम शेवटी निवडा

क्षण ठरला की जागा आपोआप सापडते: नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळणारी फाइल, पगाराची पावती, शिष्यवृत्ती जमा झाल्याचा संदेश. पोस्टर यांच्यानंतर. मजकूर वाचल्यापासून कृती पूर्ण होईपर्यंत किती टप्पे आहेत ते मोजा. प्रत्येक टप्प्यावर माणसं गळतात.

इथे विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. ‘हा कोड स्कॅन करा आणि पैसे बाजूला टाका’ असं सांगणारं अनोळखी पोस्टर हुबेहूब ऑनलाइन फसवणुकीसारखं दिसतं. त्यामुळे तुमच्या पानावर खाते क्रमांक, पिन, ओटीपी यांपैकी काहीही मागू नका. लोकांना त्यांच्याच बँकेचं ॲप त्यांनी स्वतः उघडून काय करायचं, एवढंच दाखवा. कोणा एका बँकेची किंवा गुंतवणूक योजनेची शिफारसही नको. गुंतवणुकीचा सल्ला देण्यावर अनेक देशांत नियम आहेत.

अक्षर-रंगाचं थोडक्यात: मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ असावा, आणि लाल-हिरव्या रंगावरच अर्थ सोपवू नये.

७. लाइक मोजू नका, कृती मोजा

कागदावर कच्चा नमुना करून पाच-सहा जणांपुढे ठेवा आणि गप्प बसा. कुठे अडखळतात ते दिसेल. मग दोन आवृत्त्या करून चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या दोन गटांना द्या. महिन्याने विचारा: सूचना लावली का? अजून चालू आहे का? तिसऱ्या महिन्यात परत विचारा, कारण नव्याचे नऊ दिवस बचतीलाही लागू आहेत. गट छोटा असेल तर टक्केवारी लिहू नका. ‘१५ पैकी ४’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला तुमच्या पुराव्याचं वजन लगेच कळतं.

८. ज्युरीपुढे

सुरुवात मॉकअपने, म्हणजे मोहीम प्रत्यक्षात कशी दिसेल त्या चित्रांनी, करू नका. मुलाखतीतला एक माणूस, त्याचा महिना आणि त्यातला तो क्षण आधी दाखवा. मग मोहीम त्या क्षणात कुठे शिरते ते. टाकून दिलेली कल्पना आणि ती का टाकली तेही एका पानावर ठेवा. पुढे कोणी संस्था मोहीम खरोखर चालवायला तयार झाली, तर आठवणीचे संदेश थांबवण्याची सोय पहिल्या दिवसापासून असू द्या, आणि हप्ता चुकला तर काय संदेश जाईल तो हप्ता चुकण्याआधीच लिहून ठेवा.