सातीच्या दोन कॉर्डवर जॅझ इम्प्रोव्हायझेशन कसं सुरू करायचं

देब्युसी-राव्हेल हे फ्रेंच इम्प्रेशनिस्ट, म्हणजे सुरांच्या रंगाने वातावरण उभं करणारे संगीतकार आवडतात, पियानोवर जॅझही वाजवायचंय, पण दोन्ही एकत्र आणायचं म्हटलं की बरेच जण देब्युसीचा अख्खा अवघड पीस बसवायला घेतात आणि मग त्यात जॅझचे लिक्स, म्हणजे ठरलेल्या छोट्या सुरावटी, कोंबतात. तसं करू नका. फ्रेंच संगीतकार एरिक सातीची पहिली जिम्नोपेदी घ्या, १८८८ ची छोटी, संथ पियानो रचना. साती काटेकोरपणे इम्प्रेशनिस्ट नाही हे मान्य, पण देब्युसीने स्वतः ही ऑर्केस्ट्रासाठी बसवली होती, आणि आपल्याला हवं ते सगळं तिच्या पहिल्या आठ बारमध्येच आहे.

डाव्या हाताला दोनच कॉर्ड आहेत. तीन ठोक्यांचा बार, पहिल्या ठोक्याला खाली एकटा जी, म्हणजे पेटीवर पांढरी पाच, दुसऱ्या ठोक्याला वर बी-डी-एफ शार्प एकत्र आणि ते बार संपेपर्यंत धरून ठेवायचं. पुढच्या बारला खाली डी, वर ए-सी शार्प-एफ शार्प. झालं, जी मेजर सेव्हन आणि डी मेजर सेव्हन. मेट्रोनोम ७० च्या आसपास लावा आणि डावा हात आपोआप चालेपर्यंत उजवा हात मांडीवर ठेवा, खरंच, इथे घाई केली की पुढे सगळं गडगडतं.

आता गंमत बघा. दोन्ही कॉर्डला डी मेजरचीच स्केल चालते, पण जी वाजत असताना तेच सूर जी ला सा धरून ऐका, तीव्र मध्यम येतो म्हणजे यमनचे सूर झाले! जॅझवाले याला लिडियन म्हणतात. राग वाजवायचा नाहीये, यमनचं चलन वेगळं आणि पियानोवर मींड नाही, पण ज्यांच्या कानात यमन आहे त्यांना हा रंग शिकवावा लागत नाही. आलापातली बढत मात्र जशीच्या तशी उचला: आधी फक्त ए आणि एफ शार्प या दोनच सुरांवर बराच वेळ खेळा, मग सी शार्प घ्या, मग बी, आणि वरच्या सप्तकात अगदी शेवटी जा. सुरुवातीलाच सगळी स्केल वरखाली पळवली तर ऐकणाऱ्याला तो रियाजाचा पलटा वाटतो.

कुठे थांबायचं? जी च्या कॉर्डवर ए, सी शार्प, एफ शार्प. डी च्या कॉर्डवर ई किंवा सी शार्प. डी च्या कॉर्डवर जी या सुरावर मुक्काम करू नका, एफ शार्पला टोचतो. पण सातीने सहाव्या बारमध्ये नेमकं तेच केलंय, खाली डी वाजतोय आणि वर मेलडी जी वर येते, लगेच एफ शार्पवर उतरते. तो एक ठोका पुन्हा पुन्हा वाजवून बघा, टोचणारा सूर किती वेळ ठेवायचा हे तिथे कळतं.

हीच पद्धत जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सने १९५८ मध्ये 'पीस पीस' या रचनेत वापरली, डावा हात दोन कॉर्डवर जवळजवळ शेवटपर्यंत तसाच आणि उजवा हात हळूहळू इतका बाहेर जातो की अंगावर काटा येतो. जॅझमध्ये एरवी कॉर्डला पुढे जायची घाई असते, टू-फाइव्ह-वन, म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि मग पहिल्या सुराचा कॉर्ड, करत घरी पोचायचं असतं, आणि इथे कॉर्डला कुठेच जायचं नाहीये, तो फक्त रंग आहे. माझ्या मते या दोन संगीतांचा खरा सांधा हाच, बाकी सगळी कारागिरी.

कारागिरीतली एक गोष्ट मात्र शिकाच, समांतर कॉर्ड. उजव्या हाताने ए-जी-एफ शार्प असं उतरताना प्रत्येक सुराखाली मेजर ट्रायड, म्हणजे तीन सुरांचा कॉर्ड, लावा: डी-एफ शार्प-ए, सी-ई-जी, बी-डी शार्प-एफ शार्प. सी आणि डी शार्प स्केलबाहेरचे आहेत, पण हाताचा आकार तोच राहतो म्हणून कान ते स्वीकारतो, फक्त शेवटच्यावर थांबू नका, परत पहिल्यावर या. देब्युसीच्या बुडालेल्या कॅथेड्रलच्या प्रिल्यूडमध्ये हेच आहे आणि माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'सो व्हॉट'मध्ये इव्हान्स ई-ए-डी-जी-बी हा आकार तसाच एक सूर खाली सरकवतो तेही हेच.

होल-टोन स्केल, म्हणजे सगळे सूर एकेका पूर्ण स्वराच्या अंतरावर असलेली स्केल, सगळ्यांना वापरायची असते, तर ती जी सेव्हन वरून सी वर येताना एक बार वापरा, जी-ए-बी-सी शार्प-डी शार्प-एफ, आणि डी शार्पवरून ई वर चढा. एका बारपेक्षा जास्त नको, लगेच सिनेमातल्या स्वप्नाच्या सीनसारखं वाटायला लागतं.

स्विंग, म्हणजे जॅझची लांब-आखूड झुलती लय, जवळजवळ नकोच, आठवे सूर सरळ वाजवा, फक्त किंचित मागे रेंगाळून. आणि पेडल! खालचा बेस वाजला की लगेच नवीन पेडल, अर्धवट दाबून बघा, पूर्ण दाबलं तर समांतर कॉर्डचा चिखल होतो. कीबोर्डसोबत येणाऱ्या साध्या पेडलवर हाफ पेडल होत नाही, ते फक्त चालू-बंद असतं, तेव्हा किती दाबलं ते ओळखणारं कंटिन्युअस पेडल घ्या आणि तुमचा कीबोर्ड ते ओळखतो का हे आधी मॅन्युअलमध्ये बघा.

डी मध्ये हात बसला की डावा हात ई फ्लॅट आणि बी फ्लॅटवर न्या आणि पुन्हा दोनच सुरांपासून सुरू करा, यावेळी सी आणि एफ घेऊन.