विंडोज बदलल्यावर साउंड कार्ड गप्प झाले तर

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि दिवाळी सरताच गोव्यात जत्रांची नाटके सुरू झाली. पार्श्वसंगीत वाजवणारे, भजनी मंडळाचे रेकॉर्डिंग करणारे कितीतरी लॅपटॉप या धांदलीत विंडोज ११ वर गेले. मग तालमीला मिक्सर जोडावा तर आवाज नाही. अशा वेळी सगळे काढून पुन्हा टाकण्याची घाई करू नका. आधी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधली यादी, उघडा. कार्ड (यूएसबीने जोडलेला साउंड कार्डाचा डबा किंवा मिक्सर) तिथे दिसतच नाही, पिवळ्या त्रिकोणासह दिसते, की व्यवस्थित दिसूनही वाजत नाही? या तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे.

दिसतच नसेल तर विंडोजला दोष देण्याआधी केबल बदला. मोबाइलच्या काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. कार्डाचा दिवा लागतो, पण डेटा जात नाही. हब (एका पोर्टचे अनेक करणारा जोड) काढून कार्ड थेट लॅपटॉपला लावा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो, ३.० चा ९००. कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम (कार्डातूनच माइकला मिळणारी वीज) चालू केला की ओढ वाढते आणि हबवरचे कार्ड मान टाकते. किनाऱ्याजवळच्या गावांत खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पोर्टच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. लॅपटॉप बंद करून, केबली काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. शिवाय ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे पुरेसे नाही. फास्ट स्टार्टअप (विंडोज पटकन सुरू करण्याची सोय) चालू असेल तर ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांना जोडणारी सॉफ्टवेअर, जुन्याच स्थितीतून उठतात. ‘रीस्टार्ट’च करा.

पिवळा त्रिकोण असेल तर त्या नावावर दोनदा क्लिक करा, कोड दिसेल. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही, ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही पटली नाही. जुन्या कार्डांची खरी अडचण बहुधा इथेच असते. विंडोज ११ मधली ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही सुरक्षा जुन्या धाटणीचे ड्रायव्हर आत घेत नाही. ती बंद करता येते. पण ज्या लॅपटॉपवर मंडळाचे बँकेचे व्यवहार चालतात तिथे हा मार्ग नको.

त्याऐवजी कार्ड काढा, त्याचे जुने सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा, डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडून त्या कार्डाच्या फिकट दिसणाऱ्या नोंदी उडवा आणि रीस्टार्ट करा. मग निर्मात्याच्या साइटवरचा विंडोज ११ चा ड्रायव्हर टाका; इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच कार्ड जोडा. लॅपटॉप एआरएम प्रोसेसरचा (इंटेल किंवा एएमडीचा नव्हे) असेल तर त्याचाच ड्रायव्हर लागतो, नेहमीचा चालत नाही.

निर्मात्याने नवा ड्रायव्हर काढलाच नसेल तरी कार्ड लगेच भंगारात टाकू नका. यूएसबी ऑडिओ २.० चा ड्रायव्हर २०१७ पासून विंडोजमध्येच आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर उजवी क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’मधून ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’ आणि यादीत तो दिसला तर निवडा. निर्मात्याच्या ड्रायव्हरबरोबर त्याचा एसिओही (आवाज कमीत कमी उशिराने पोचवणारी वाट) जातो, त्यामुळे गाताना हेडफोनवर स्वतःचा आवाज किंचित उशिरा येईल. नाटकाचे संगीत वाजवायला मात्र काही अडत नाही.

आता तिसरा प्रकार: सगळे ठीक दिसते, पण शांतता. अपग्रेडनंतर डिफॉल्ट आउटपुट कधी लॅपटॉपच्या स्पीकरवर, तर कधी एचडीएमआयच्या टीव्हीवर जाऊन बसते. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून कार्ड निवडा. वाजते पण रेकॉर्डिंगमध्ये सपाट रेघ येत असेल तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये माइकची परवानगी पाहा. ‘लेट डेस्कटॉप अ‍ॅप्स’ हा खटका वेगळा आहे, तोही चालू हवा.

यूएसबी मिक्सरचा आवाज फक्त एकाच बाजूला येत असेल तर विंडोजने त्याला बहुधा साधा माइक समजून मोनो (एकाच चॅनलचे) केलेले असते. ‘मोअर साउंड सेटिंग्ज’, ‘रेकॉर्डिंग’, मिक्सरचे ‘प्रॉपर्टीज’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या वाटेने जाऊन २ चॅनल, १६ बिट, ४८००० हर्ट्झ (सेकंदाला घेतले जाणारे आवाजाचे नमुने, म्हणजे नमुना दर) ठेवा. हाच आकडा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही असू द्या. ४४१०० ला रेकॉर्ड केलेली फाइल चुकून ४८००० ने वाजली तर ती सुमारे ९ टक्के जलद धावते आणि सूर जवळजवळ दीड स्वरस्थान चढतो. काळी एकचा अभंग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लटकतो, आणि पेटीवाला विनाकारण बोलणी खातो.

मधूनच कट्‌कट् असा आवाज येत असेल तर कार्डाच्या किंवा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला बफर (वाजण्याआधी आवाज साठवण्याची जागा) वाढवा. ४८००० वर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, ५१२ चा १०.७. फक्त फाइल वाजवायची असेल तर सरळ ५१२ ठेवा. तरीही थांबत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्याची खूण काढा.

मॅकवरही माइकची परवानगी आधी पाहा. नमुना दर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये जुळवा.

काहीच जमले नाही आणि अपग्रेडला १० दिवस झाले नसतील तर ‘रिकव्हरी’मधील ‘गो बॅक’ने जुनी विंडोज परत येते. त्याआधी रेकॉर्डिंगच्या फाइली पेनड्राइव्हवर काढा. प्रयोग चार दिवसांवर असेल तर ‘विंडोज अपडेट’ पॉज करा. ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येते. आणि हेडफोनच्या भोकातून मिक्सरच्या लाइन इनपुटला जाणारी ३.५ मिलिमीटरची केबल सामानाच्या पेटीत टाका. रंगमंचामागे घंटा झाली की ड्रायव्हर शोधायला वेळ नसतो, ही केबल मात्र लगेच वाजते.