रब्बी पेरायच्या आधी गावाचं पाणी असं मोजा

आमचं गाव पारनेर तालुक्यातल्या पठारावरचं. पाऊस बरा झाला तर साडेचारशे मिलिमीटर, नाहीतर तीनशेवरच आटोपतं. गावात पाणी मोजायचं काम माझ्याकडे आहे. दसरा आला की आजूबाजूच्या गावांतून फोन सुरू होतात, "ताई, तो पाण्याचा ताळेबंद कसा करायचा?" फोनवर आकडे नीट लिहून घेतले जात नाहीत, म्हणून इथे मांडते.

आधी वेळेचं बघा. ग्रामसभा कांद्याचं रोप टाकायच्या आधी लावा. बियाणं घेऊन बसलेल्या माणसाला कुठलाच हिशेब पटत नाही.

पाऊस मोजायला ग्रामपंचायतीकडे पर्जन्यमापक असेल तर उत्तम. नसेल तर सरळ उभ्या कडांचा डबा उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पागोळीखाली नको. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची, मिलिमीटर वहीत लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. पाण्याचं वर्ष १ जून ते ३१ मे धरा.

आता गुणाकार. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. गावाचं क्षेत्र तलाठ्याकडे मिळतं. समजा ८०० हेक्टर आहे आणि पाऊस ४५० मिलिमीटर झाला, तर ३६० कोटी लिटर पाणी शिवारात पडलं. हा आकडा फळ्यावर लिहिला की सभेत टाळ्या पडतात. पडू द्या, पण लगेच पुढची ओळ लिहा. यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, काही ओढ्यानं वाहून जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं. आमच्याकडे खाली काळा पाषाण, त्यामुळे विहिरींपर्यंत झिरपतं ते मी शंभरातलं दहा धरते. तुमचा खडक वेगळा असेल तर भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा कार्यालयात भूवैज्ञानिकांना विचारा. तर हातात राहिले ३६ कोटी लिटर. दहा लाख लिटरला एक टीसीएम म्हणतात, म्हणजे ३६० टीसीएम.

इथे कुणीतरी हमखास उठतो, "बंधाऱ्यातलं पाणी धरलंच नाही!" धरू नका. ते झिरपून त्याच विहिरींत येतं. दोनदा मोजलं की जानेवारीत फजिती होते.

यातून पहिलं पिण्याचं वजा करा, हे नंतरवर ढकलायचं नाही. माणशी दिवसाला ५५ लिटर, मोठ्या जनावराला ४०, शेळी-मेंढीला ५. दीड हजार माणसं, सहाशे मोठी जनावरं आणि पाचशे शेळ्या मिळून वर्षाला साधारण ४० टीसीएम होतात. उन्हाळी चारा आणि फळबाग जगवायला मी ५० बाजूला काढते. उरले २७०, आणि भांडण याच्यावरच होतं.

पिकांचे एकरी आकडे आमच्याकडे असे बसतात: हरभऱ्याला दोन पाण्यांत अर्धा टीसीएम, गव्हाला पावणेदोनच्या आतबाहेर, रब्बी कांद्याला सव्वादोन. पाटाने भिजवलेला ऊस मात्र आठ पितो. एक एकर ऊस म्हणजे सोळा एकर हरभरा, एवढं एकच वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. शंभर एकर हरभरा, साठ एकर कांदा आणि चाळीस एकर गहू धरला तर २५० टीसीएमच्या आसपास जातात. हे बसतं. पाऊस ३०० वर थांबला तर झिरपलेलं २४० च्या वर जात नाही, आणि तेव्हा गहू पूर्ण सोडून कांदा पंचेचाळीस एकरांवर आणावा लागतो.

हे आकडे कुणाला पटत नाहीत, कारण टीसीएम डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मी २०० लिटरचं पिंप घेऊन त्यांच्याच मोटरीखाली ठेवते आणि मोबाइलवर सेकंद मोजते. चाळीस सेकंदांत भरलं तर तासाला १८ हजार लिटर. रोज आठ तास लाइट धरली तर सात दिवसांत एक टीसीएम उपसला जातो. आपल्या मोटरीचा आकडा ऐकला की माणूस गप्प होतो आणि मग बोलायला तयार होतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ऊस, केळी आणि शेतीसाठीच्या बोअरला ग्रामसभेतच बंदी घातली. पुरंदरात विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीने १९७२ च्या दुष्काळानंतर त्याहून पुढचं केलं: पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला, आणि वाटा भूमिहीनालासुद्धा. आमच्या सभेत हा शेवटचा मुद्दा काढला की अजूनही खुर्च्या सरकतात. ठिबकवर मात्र मी फार विसंबत नाही. पाणी वाचतं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर लगेच दोन एकर वाढवले जातात. आणि २००९ च्या भूजल अधिनियमानुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअर घेता येत नाही, हे सभेत वाचून दाखवा. बोअरची गाडी रात्रीच येते, यावरूनच काय ते समजा.

ताळेबंद बरोबर आला का, हे विहिरीच सांगतात. गावात वर, मध्ये आणि खाली अशा पाच-सहा विहिरी निवडा. काठावर एका ठिकाणी ऑइलपेंटने लाल खूण करा, मोजायचं दर वेळी तिथूनच. टेपला लोखंडी नट बांधून सोडायचा. पाण्याला टेकताना टप्प असा आवाज येतो आणि टेप सैल पडते, तिथला आकडा वाचायचा. पहाटे, मोटरी सुरू व्हायच्या आत जा, नाहीतर उपशाने उतरलेली पातळी मोजाल. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेअखेर असे चार आकडे वहीत हवेत.

जानेवारीत पाणी आधीच्या एखाद्या तेवढ्याच पावसाच्या वर्षापेक्षा खोल गेलेलं दिसलं तर उन्हाळी भुईमुगाचं बियाणं कुणाला घेऊ देऊ नका. चावडीच्या फळ्यावर विहिरीचं नाव आणि आकडा त्याच दिवशी लिहा, मालक सरपंच असला तरी.