शिनाण्यांसाठी डुबकी: साहित्य कसं निवडावं, खडपाशी कसं उतरावं

म्हापशाच्या बाजारात शिनाण्या, म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे हिरवे शिंपले, वाट्यावर मिळतात, त्यामुळे त्या काढायला पाण्यात शिरण्याची गरज खरं तर कुणालाच नाही. तरी पावसाळा सरला, पाणी निवळलं की हौशी मंडळी खडपांकडे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खडकांकडे, वळतातच. अशांची खरेदी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते: आधी पायात घालायची हातभर लांब पाती म्हणजे फिन्स, मग चाकू, मग कॅमेरा, आणि पैसे संपत आले की उरलेल्यात मास्क. हा क्रम सुलट करायला हवा.

श्वास रोखून खडकावरचं शिंपलं काढायचं म्हटलं की इंटरनेटवर बहुतेक माहिती सापडते ती ॲबलोनीची, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या एका मोठ्या समुद्री गोगलगायीची. कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावर तांबडी ॲबलोनी हौशी लोक अशीच काढत. तिथे सिलिंडर लावून उतरायला मनाई होती आणि 7 इंचांपेक्षा लहान शिंपलं जागेवरच ठेवावं लागे. 2018 पासून तर ती पूर्ण बंद आहे. समुद्र तापला, जांभळ्या अर्चिनांनी (काटेरी, गोल समुद्री जीवांनी) केल्प या उंच समुद्री शैवालाची जंगलं फस्त केली आणि ॲबलोनी उपाशी मेली. आपल्याकडे मन्नारच्या आखातात ॲबलोनीची एक लहान जात आहे, पण गोव्यात तिची मासेमारी होत नाही. इथे खडपाला चिकटलेली असते ती शिनाणी. डुबकीचं तंत्र दोन्हींचं एकच आहे. साहित्य मात्र एक नाही, आणि गल्लत होते ती इथेच. तिथलं पाणी 10-12 अंशांचं, म्हणून त्यांना 7 मिलिमीटरचा जाड सूट लागतो. जाड सूट तरंगतो, म्हणून कमरेला भरपूर शिसं लागतं. आपलं पाणी वर्षातला बहुतेक काळ 26 ते 29 अंशांच्या घरात असतं. त्यांची यादी पाहून खरेदी केली तर तुम्ही उकडून निघाल आणि वर विनाकारण वजन वाहाल.

आधी जोडीदार, मग दुकान

पोहायला येणारा, तुमच्याइतकाच दम असलेला आणि तुमच्यावरून नजर न हटवणारा माणूस नसेल तर पुढचं काहीही विकत घेऊ नका. नियम साधा आहे: एक खाली, एक वर. दोघांनी एकाच वेळी डुबकी मारायची नाही. खालचा वर आला तरी वरच्याने आणखी अर्धा मिनिट त्याच्याकडेच पाहत राहायचं, कारण माणूस बेशुद्ध पडतो तो बऱ्याचदा वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा वर येऊन श्वास घेतल्यानंतर.

याचं कारण समजून घेतलेलं बरं. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपतो म्हणून नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. डुबकीआधी भराभर दहा-वीस श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड घटतो, ऑक्सिजन मात्र जवळपास वाढत नाही. म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवली, धोका तसाच. वर येताना पाण्याचा दाब उतरतो, त्याबरोबर फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही उतरतो आणि काही कळायच्या आत शुद्ध जाते. तेव्हा भराभर श्वास घेऊ नका. एक-दोन मिनिटं पाण्यावर पालथं पडून शांतपणे श्वासोच्छ्वास करा, शेवटचा श्वास खोल घ्या आणि निघा. जितका वेळ खाली होता त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती.

सराव पणजीत कांपालच्या पोहण्याच्या तलावात करता येतो, पण तिथेही जीवरक्षकाला सांगून आणि जोडीदाराला बरोबर घेऊनच. कमरेएवढ्या पाण्यात श्वास रोखणारेही बुडालेले आहेत.

मास्क

पैसे खर्च करायचे तर इथे करा. पोहण्याचा गॉगल चालणार नाही. त्याला नाकाची जागा नसते, त्यामुळे आतला दाब सारखा करता येत नाही आणि दोन-तीन मीटरवरच तो डोळे ओढायला लागतो. अख्खा चेहरा झाकणारा मास्क किनाऱ्यावरच्या स्टॉलवर हल्ली सर्रास दिसतो. तो वरून मासे बघायला ठीक, डुबकीला नाही: नाक चिमटीत धरता येत नाही.

दुकानात मास्क असा तपासा. पट्टा पुढे टाका, म्हणजे तो मध्ये येणार नाही. केस मागे सारा. मास्क चेहऱ्यावर नुसता टेकवा, नाकाने हलकासा श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क तसाच चिकटून राहिला पाहिजे. आता हसून बघा, तोंडात स्नॉर्कलचा रबर धरल्यासारखे ओठ करून बघा. गालाच्या वळीतून किंवा कपाळाच्या कडेने हवा शिरली, तर तो मास्क कितीही महाग असो, तुमचा नव्हे. मिशीवाल्यांनी नाकाखालची बारीक पट्टी उतरवली तर गळती बरीच थांबते. मिशी प्यारी असेल तर पाणी प्यायची तयारी ठेवा. मग नाक बाहेरून चिमटीत नीट धरता येतं का ते पाहा, हातमोजे घालूनसुद्धा. काच टेम्पर्ड हवी आणि आतली पोकळी कमी हवी, कारण ती भरायला तुमच्याच फुप्फुसातली हवा जाते.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा चोळून धुवा, नाहीतर पहिल्याच दिवशी धुक्यातून बघावं लागेल. त्यानंतर दरवेळी थुंकी लावून विसळणं पुरतं.

स्नॉर्कल सर्वांत स्वस्त, साधं वाकडं नळकांडं घ्या. झडपा आणि झाकणं असलेलं नको. खाली जाताना ते तोंडातून काढायचं असतं.

फिन्स, कपडे, वजन

शिनाण्या दोन ते पाच मीटर पाण्यात, जिथे लाट फुटते तिथेच असतात. लांब पाती खोल निळ्या पाण्यासाठी आहेत. खडपांत ती अडकतात, आणि लाटेने ढकललं की तुम्ही पाय सांभाळत बसता. मध्यम लांबीचे, टाच झाकणारे फिन्स आणि आत निओप्रीनचे मोजे, एवढं बास. मोज्यांचा खरा उपयोग खडपांवरून चालत जाताना होतो.

अंगात पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहण्याचा घट्ट सदरा) आणि पायघोळ लेगिंग, किंवा फार तर दीड-दोन मिलिमीटरचा सूट. थंडीपेक्षा तो खरवडण्यापासून वाचवायला हवा. खडपावर शिनाण्यांबरोबर धारदार कवचाचे छोटे बार्नॅकलही चिकटलेले असतात आणि लाटेने एकदा घासटलं की कोपर सोलून निघतं. हातमोजे जाड, तळव्याला रबर असलेले घ्या. बागकामाचेसुद्धा चालतात.

वजनाच्या बाबतीत कंजूष राहा. छाती एवढ्या पाण्यात पाय उचलून, उभे-उभे छातीभर श्वास घेऊन स्थिर तरंगा, मग श्वास पूर्ण सोडा. पाणी डोळ्यांपर्यंत यावं, पण डोकं खाली जाऊ नये. गेलं तर वजन जास्त आहे. रॅश गार्डवर बऱ्याच जणांना वजन लागतच नाही किंवा एखाद-दोन किलो पुरतं. पट्टा रबराचा आणि बक्कल एका हाताच्या झटक्याने सुटणारं हवं. पँटचा पट्टा वापरू नका. वजनाचा पट्टा सोडण्याचा सराव डोळे मिटून किनाऱ्यावर करा, आणि अडचण आली की पट्टा सोडताना त्याची किंमत आठवू नका.

पिशवी, तरंगती ट्यूब आणि हत्यार

पिशवी कमरेला बांधायची नाही. शिनाण्यांनी भरलेली जाळी म्हणजे शिशाचा दुसरा पट्टाच. पंक्चरवाल्याकडून गाडीची जुनी ट्यूब घ्या, मधोमध जाळी विणून टाका, वर भडक नारिंगी कापड उभारा. पिशवीही त्यावर, धाप लागली की हातही त्यावर. ते कापड तुमच्यासाठी कमी आणि जेट-स्की व होडीवाल्यांसाठी जास्त आहे. बागा-कळंगुटच्या बाजूला तर त्याशिवाय उतरूच नका.

खडपावरून सोडवायला धारदार पटाशी नको. जुने ॲबलोनीवाले गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून बोथट, गोल कडांची पट्टी करून घेत. ॲबलोनीचं रक्त गोठत नाही, धारेने कापलेली ॲबलोनी परत ठेवली तरी मरते. आपल्यासाठी मोटरसायकलचा टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) उत्तम. तो दोरीने ट्यूबला बांधा, मनगटाला नाही. फटीत अडकला तर सोडून वर येता आलं पाहिजे. तुटलेल्या जाळ्यात पाय गुंतला तर कापायला वेगळी छोटी सुरी पोटरीला असू द्या.

दिवस आणि जागा

जून ते सप्टेंबर विचारही करू नका. समुद्र खवळलेला असतो, पाणी गढूळ असतं आणि शिनाण्यांचा विणीचा मोसमही तोच. डिसेंबर ते मे हा काळ बरा. दिसणं तरीही चार-पाच मीटरच्या पुढे क्वचितच जातं. केरी-हरमल किंवा वागातोर-हणजुण यांसारख्या खडपाळ किनाऱ्यांवर आधी दोन सुकत्या (ओहोट्या) नुसतं बसून बघा: लाट कुठे फुटते, पाणी कुठून परत ओढतं. सुकतीच्या शेवटच्या तासात उतरायचं आणि पाणी फिरलं की निघायचं. ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला खडपं जास्त उघडी पडतात, पण शापोरा किंवा तेरेखोलच्या मुखाजवळ ओढही तेव्हाच जास्त. लाल बावटा असेल तर घरी जा.

किनाऱ्यावरच्या पागी (मासेमार) मंडळींना विचारून उतरा. काही घरांचं पोट त्या खडपांवर आहे, आणि खड्डा कुठे, भोवरा कुठे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

खाली गेल्यावर

पहिल्या मीटरपासूनच नाक धरून कान मोकळे करा, दुखायची वाट पाहू नका. पहिल्या काही मीटरमध्येच दाबाचा फरक सर्वाधिक जाणवतो. कान मोकळा झाला नाही तर वर या. सर्दी असेल तर त्या दिवशी सुट्टी.

ॲबलोनी स्पर्श झाला की एका मोठ्या पायाने खडकाला घट्ट आवळून बसते, म्हणून तिच्याखाली पट्टी एका झटक्यात सारावी लागते. शिनाणीची पकड वेगळी: टोकाकडून निघालेल्या तपकिरी धाग्यांचा झुबका. मुठीत एक धरा, कडेला लिव्हर टेकवा, थोडं वळवा आणि धाग्यांच्या दिशेने ओढा. अख्खा पुंजका ओरबाडला तर त्याला लगडलेली पिल्लंही निघतात आणि ती परत चिकटण्याआधीच मासे खातात. सहा सेंटिमीटरच्या आतली राहू द्या. लाट येताना खडपाकडे पाठ करू नका.

पोवळं, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना हात लावायचा नाही. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना लावत तो चपटा, अर्धपारदर्शक शिंपलाही नाही. चिखलीच्या खाडीत तो अजून आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

शिनाणी पाणी गाळून खाते, म्हणून पाण्यातलं सगळं तिच्यात उतरतं. वास्कोचं बंदर, जेटी, सांडपाण्याचे नाले यांच्या आसपासची खाऊ नका. पाण्याला तांबूस किंवा हिरवट रंग आला असेल तर कुठलीच नको: काही सूक्ष्म शैवालांचं विष शिजवूनही जात नाही.

घरी आणल्यावर तुटकी टाकून द्या, उघडी असलेली टिचकी मारून बघा. मिटली नाही तर तीही टाका. धागे शिजवण्याआधी बिजागरीच्या दिशेने ओढून काढायचे. उकडल्यावर जी उघडत नाही ती सुरीने उघडायच्या भानगडीत पडू नका. बाकीच्यांना तिखट, मीठ, हळद आणि आमसुलाचं आगळ लावून रव्यात तळा.