रोड रॅशचा ‘बिग गेम’ जिंकायचाय? उजवी कड धरा

चवथीला आमच्या गोव्यातल्या साखळीच्या घरी भावंडं जमली, की आरत्या आणि फुगड्या आटोपल्यावर कोणीतरी जुना लॅपटॉप बाहेर काढतो आणि रोड रॅश हा बाईकच्या शर्यतीचा, मारामारीचा गेम सुरू होतो. पाच मिनिटांत खोलीभर एकच सल्ला घुमतो: ‘मार रे ताका!’ दिसेल त्याला हाणा, ठोसा सोडू नका. गेली वीस-बावीस वर्षं मी हा सल्ला ऐकतोय, आणि देणाऱ्यांपैकी कोणी दुसऱ्या लेव्हलच्या पुढे गेलेला मी पाहिलेला नाही.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सचा हा गेम १९९१ मध्ये सेगाच्या कन्सोलवर आला. आपण सगळ्यांनी सायबर कॅफेत खेळला तो मात्र १९९६ चा विंडोजवरचा. इथे तोच धरून लिहितोय. गेम कॉम्प्युटरवर चढवलेला आहे, ठोशाची आणि लाथेची कळ कुठली ते ठाऊक आहे, असं मी गृहीत धरतो. नव्या विंडोजवर अडला तर कंपॅटिबिलिटीत ‘विंडोज ९५’ निवडून बघा.

आधी मोड समजून घ्या, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. ‘थ्रॅश’ म्हणजे रस्ता निवडा आणि सुटा. पैशाचा हिशेब नाही, आपटलात तरी बिघडत नाही. ‘मार रे ताका’ तिथे चालतं, मजाही येते. ‘बिग गेम’मध्ये खिसा असतो. पाच रस्ते, प्रत्येकावर पहिल्या तिघांत यायचं, मग पुढची लेव्हल. अशा लेव्हल पाच. दर लेव्हलला रस्ते तेच, पण लांबी वाढते आणि समोरचे जास्त वेगवान होतात. बाईक मोडली की दुरुस्तीचं बिल, पोलिसाने पकडलं की दंड, आणि भरायला पैसे नसतील तर खेळ खलास. मारामारीचा गेम म्हणून लोक बसतात आणि दिवाळखोरीत हरतात.

म्हणून थ्रॅशमध्ये अर्धा तास फक्त पाचही रस्ते बघा: सिटी, पेनिन्सुला, पॅसिफिक कोस्ट, सिएरा नेवाडा, नापा व्हॅली. कोणाशी भांडू नका.

मग बिग गेममध्ये माणूस निवडा. काहींकडे सुरुवातीला पैसे जास्त, काहींच्या हातात आधीपासून हत्यार. मी डोळे मिटून हत्यारवाला घेतो.

आता खरी गोष्ट. यात माझी दोन वर्षं गेली, आणि म्हापशाच्या एका कॅफेत वडिलांचे किती रुपये, ते सांगत नाही.

हे रस्ते कॅलिफोर्नियातले आहेत. तिथे वाहनं उजवीकडून चालतात. ऐकून माहीत असतं, पण हाताला माहीत नसतं. मी गाडी शिकलो डिचोली-साखळी रस्त्यावर, खनिजाचे ट्रक एकामागून एक सुटायचे त्या काळात. समोरून ट्रक दिसला की डावी कड धरायची, हे हाडात मुरलेलं. पिवळ्या मडगार्डच्या पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून फिरलेलं पोरही नकळत तेच शिकतं. रोड रॅशमध्ये समोरून गाडी आली, की आपलं बोट आपसूक डावीकडे जातं. म्हणजे नेमकं समोरून येणाऱ्या वाहनांच्या लेनमध्ये. एक चुकवली की दुसरीवर आदळायचं. मी कीबोर्डला दोष द्यायचो, कॅफेवाल्याशी भांडायचो. चूक माझ्या डाव्या कडेची होती.

तर नियम असा: घाबरलात की उजवीकडे. एरवीही उजव्या लेनच्या मध्याच्या किंचित उजवीकडे राहा. अगदी कडेला जाऊ नका, तिथे खांब आणि झाडं आहेत. पुढे संथ गाडी आली तर डावीकडून तेव्हाच काढा, जेव्हा पुढचा रस्ता डोळ्यांना दिसतोय. सिएरा नेवाडातल्या चढाच्या माथ्यावर कधीच नाही. बाईक हवेत उडते आणि खाली काय आहे ते उतरल्यावरच कळतं.

ही सवय झाली की मारामारीचं गणितही सुटतं. प्रतिस्पर्धी तुमच्या डाव्या हाताला आला पाहिजे. तो तिथे असला, की त्याच्या पलीकडे समोरून येणारी वाहनं असतात. ठोसे घालत बसू नका, एक लाथ द्या. तो डावीकडे सरकतो आणि बाकीचं काम समोरची गाडी करते. उलट तो तुमच्या उजवीकडे असेल, तर वाहनांच्या तोंडाशी तुम्ही आहात. अशा वेळी मारायच्या फंदात न पडता वेग कमी करा, त्याला पुढे जाऊ द्या, आणि मागून त्याच्या उजवीकडे या. ‘वेग कशाला कमी करतो?’ म्हणून मागे बसलेले ओरडतील. ओरडू द्या. बाईकवरून पडल्यावर तुमचा माणूस धावत बाईकपर्यंत जातो, तेवढ्यात पाच जण पुढे निघून जातात. ब्रेकने एवढं नुकसान कधीच होत नाही.

हत्यार हिसकावणं ही दुसरी अवघड कला. दांडा किंवा साखळी घेतलेला माणूस शेजारी आला, की बहुतेक जण ठोशाची कळ बडवत सुटतात. नाही. त्याच्याशी वेग जुळवा, थांबा, त्याचा हात वर उठलेला दिसला की एकदाच ठोसा. वेळ साधली तर हत्यार तुमच्या हातात येतं. लवकर दाबलंत तर नुसता ठोसा, उशीर झाला तर दांडा तुमच्याच डोक्यात. दहा वेळा चुकेल. म्हणूनच हे थ्रॅशमध्ये घोटा, बिग गेममध्ये प्रयोग करू नका.

पोलीस: तो नुसता शेजारी आला म्हणून पकडत नाही. तुम्ही पडलात आणि तो जवळ असला की मग संपलं. तो दिसताच बाकी सगळी भांडणं सोडा, उजवी कड धरा आणि पळा. डावीकडे आलाच, तर लाथ त्यालाही लागते.

दुकानात दर शर्यतीनंतर डोकावून थोडी बरी बाईक घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. पहिली लेव्हल आहे त्या खटाऱ्यावरच काढा, पैसे साठवा, मग एकदम मोठी उडी मारा. दुरुस्ती आणि दंडापुरते मात्र खिशात ठेवाच. मी एकदा शेवटचा डॉलर बाईकवर घातला आणि पुढच्याच शर्यतीत पोलिसाच्या पुढ्यात पडलो.

दर शर्यतीनंतर सेव्ह करा. चवथीच्या पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही, आणि त्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली आहे.