सिंगापुरात घरून डबे विकताय? या चुका टाळा

‘घरून विकायला एसएफएचा (सिंगापूर फूड एजन्सीचा) परवाना लागत नाही.’ गणपती-दिवाळीच्या तोंडावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे हमखास फिरतं. खरंच आहे ते. पण परवाना नाही म्हणजे कायदाही नाही, असं समजून बरेच जण फसतात. तुमच्या डब्याने कुणाचं पोट बिघडलं आणि तक्रार गेली, तर सिंगापूर फूड एजन्सी घरगुती स्वयंपाकालाही जाब विचारते.

सगळ्यात जास्त गोंधळ भाताचा. सकाळी अकराला मोठं पातेलंभर मसालेभात करून, झाकण घालून ओट्यावर ठेवायचा आणि संध्याकाळी सहाला डबे भरायचे. इथल्या हवेत तो निवतच नाही. वरून गार लागला तरी चमचा खोल घाला, मधला भाग कोमट असतो. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या चैनीचा टप्पा, आणि भातातले काही जंतू असं विष करतात की नंतर कितीही गरम करा, ते जात नाही. भात लगेच परातीत पसरा, वाफ गेली की उथळ डब्यांतून फ्रिजमध्ये टाका. त्याहून बरं म्हणजे चारला करा. लवकर उरकण्याची आपली हौस इथे नडते.

कच्च्या मासळीची सुरी-पाट वेगळे हवेत. एप्रिल २००९ मध्ये गेलांग सराईच्या बाजारात इंडियन रोजक (तळलेले वडे-भजी चटणीबरोबर) खाऊन दीडशेहून अधिक जण आजारी पडले, दोघी दगावल्या. कच्च्या सीफूडचा इतर पदार्थांशी संपर्क आल्याचा संशय होता.

सत्यनारायणाच्या साठ पानांची ऑर्डर आली की हरखून ‘हो’ म्हणू नका. ते केटरिंग झालं, आणि घरून केटरिंग चालत नाही. मदतीला बाहेरची बाई ठेवणं, दाराबाहेर पाटी लावणं, हेही नाही. डिपेंडंट पासवर (नोकरदार जोडीदारामुळे मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर) असाल तर आधी मनुष्यबळ मंत्रालयाचे नियम बघा. १ मे २०२१ पासून नोकरी करायला स्वतःचा वर्क पास (कामाचा परवाना) लागतो; स्वतःच्या धंद्याला वेगळ्या अटी आहेत.

आणि आईने नागपूरहून पाठवलेला चिवडा? घरी खुशाल खा. पाकिटं करून विकायचा असेल तर ती व्यापारी आयात झाली: एसएफएकडे नोंदणी आणि प्रत्येक खेपेला परमिट. चार किलो असला तरी.