‘आज काय करू?’ विचारण्याआधी डबे उघडा

वाणसामानाचा खर्च कमी करायचा ठरवलं की पहिली कुऱ्हाड पडते ती तांदळावर. कोलमऐवजी स्वस्तातला तांदूळ आणायचा, तेलाचा ब्रँड बदलायचा, तूरडाळ चार रुपयांनी कमी मिळते म्हणून पलीकडच्या पेठेत जायचं. मीही हे सगळं करून पाहिलंय. महिन्याच्या शेवटी हाती लागले जेमतेम दीडशे रुपये, आणि घरच्यांची तोंडं वाकडी झाली ती वेगळीच.

गळती तिथे नसतेच. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात शहरी कुटुंबाच्या एकूण मासिक खर्चातले सुमारे ४० टक्के खाण्यापिण्यावर जाताना दिसतात. पण एकूण खर्चात धान्याचा वाटा ४ टक्क्यांहूनही कमी आहे, आणि पेयं व तयार खाण्याचा ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गव्हा-तांदळात कितीही काटकसर केली तरी वाचून वाचणार किती? पैसे जातात ते बिस्किटांच्या पुड्यात, साडेआठ वाजता कंटाळून मागवलेल्या जेवणात आणि फ्रिजच्या खालच्या खणात काळ्या पडलेल्या कोथिंबिरीत.

म्हणून सुरुवात दुकानातून करायची नाही, स्वयंपाकघरातून करायची.

पहिला महिना नुसतं लिहा

या महिन्यात काहीही बदलू नका, कमी करू नका. फक्त लिहा. वाणसामान, दूध, भाजी-फळं (अंडी-मासे खात असाल तर तेही) आणि बाहेरचं, असे चार रकाने पुरतात. हल्ली वीस-तीस रुपयेही फोनवरून जातात, त्यामुळे रात्री पाच मिनिटं व्यवहारांची यादी चाळली की सगळं सापडतं. चौथा रकाना प्रामाणिकपणे भरा. शाळेतून येताना घेतलेला वडापाव, ऑफिसखालचा चहा, ‘पाहुणे आले म्हणून’ आणलेली कचोरी, सगळं त्यातच जातं. आमच्याकडे पहिल्या महिन्यात चौथा रकाना पहिल्यापेक्षा मोठा निघाला. नवऱ्याने वही मिटवून ठेवली आणि दोन दिवस त्या विषयावर कुणी बोललं नाही.

सोबत एक छोटी नोंद ठेवा: काय टाकलं. अर्धी काकडी, वाटीभर भात, आंबलेलं इडलीचं पीठ. किंमत लिहायची गरज नाही, नाव पुरे. महिनाभरात तीच तीच नावं परत दिसायला लागतात. आमचं नाव होतं पुदिना.

यादीआधी डबे

महिन्याची यादी करायला बसण्याआधी एकेक डबा उघडून आत बघा. मागच्या ओळीतले डबे आधी. हमखास निघतात: तळाशी दोन मुठी चवळी, अर्धा पुडा शेवया, कुणीतरी दिलेलं कुळथाचं पीठ, उपासाला आणलेली भगर. यांची एक यादी फ्रिजवर चिकटवा आणि ठरवा, नवं काही येण्याआधी पंधरा दिवसांत हे संपवायचं. दोन मुठी चवळी, मुठभर मसूर आणि उरलेले हिरवे मूग एकत्र भिजवले की मिश्र कडधान्यांची उसळ होते, आणि ती वेगवेगळ्या उसळींपेक्षा बरी लागते.

आठवडा भाजीच्या आयुष्यावरून आखा

सात दिवसांचे चौदा पदार्थ लिहून काढणारे तक्ते मी तीनदा केले आणि तिन्ही वेळा बुधवारपर्यंत मोडले. घरात कुणी आजारी पडतं, लाइट जाते, मुलाला अचानक डब्यात दुसरंच हवं असतं. पदार्थ ठरवू नका, क्रम ठरवा. जे लवकर खराब होतं ते आधी शिजवायचं. एवढं पाळलं की टाकणं निम्म्यावर येतं.

समजा मंडई रविवारी सकाळी होते. तर रविवार-सोमवार पालेभाज्यांचे: मेथी, शेपू, चुका, पालक. जुडी आणल्या आणल्या निवडायची, धुवायची नाही. कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर सोमवार रात्रीपर्यंत टवटवीत राहते. मंगळवार-बुधवार भेंडी, गवार, दोडकं, वांगी. गुरुवारी मोडाची उसळ. शुक्रवारी ज्यांना काही घाई नसते ती मंडळी, म्हणजे कोबी, लाल भोपळा, बटाटा. शनिवारी फ्रिज रिकामा असायलाच हवा. त्या दिवशी पिठलं-भाकरी, कढी-खिचडी नाहीतर वरणफळं. वरणफळांत आदल्या दिवशीचं वरणही खपतं आणि उरलेली कणीकही.

गुरुवारच्या उसळीची तयारी मंगळवारी रात्रीच सुरू होते, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. मंगळवारी रात्री भांडी घासायच्या आधी पाव किलो मटकी भिजत घाला. बुधवारी सकाळी उपसून पंच्यात घट्ट बांधून ठेवा. गुरुवारी सकाळी मोड तयार. थंडीत मोड यायला आणखी अर्धा दिवस लागतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सोमवारी रात्रीच भिजवते. पाव किलो मटकी मोड आल्यावर अर्ध्या किलोहून जास्त भरते. हातगाडीवर मोडाची मटकी किलोने घेतो तेव्हा आपण निम्मे पैसे पाण्याचे देतो. फोनमध्ये मंगळवार रात्री साडेनऊचा गजर लावून ठेवलाय. घरात सगळे त्याला ‘मटकीचा भोंगा’ म्हणतात.

चार माणसांना गुरुवारची उसळ होऊन वाटी-दोन वाट्या उरते. ती शुक्रवारी सकाळी फरसाण-कांदा घालून मुलांच्या खाऊला, नाहीतर भाजणीत मळून थालीपिठाला. एका पदार्थातून दुसरा निघेल असं बघून शिजवलं की अर्धं काम झालं. कोबीचा गड्डा घेतला तर अर्ध्याची चणाडाळ घालून भाजी, उरलेल्याची पचडी किंवा वड्या. गड्डा कापताना तसं ठरलेलं असेल तर उरलेला अर्धा भाग फ्रिजमध्ये पिवळा पडत बसत नाही.

खरेदी: कधी, किती, कुठून

वर्षाचं धान्य भरायची आपली जुनी पद्धत शहाणपणाचीच आहे, पण सगळ्याच गोष्टींना लावायची नसते. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये. जागा असेल आणि कडक ऊन देता येत असेल तर गहू भरावा, सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावून ठेवली तर कीड धरत नाही. वापरताना गरम पाण्याने स्वच्छ धुवायची, एवढंच. फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल तर हा हव्यास नको. मी एकदा सवलतीत दहा किलो काबुली चणे घेतले होते. पावसाळ्यात डबा उघडला तेव्हा आत एवढे सोंडे की चणे शोधावे लागले.

रवा, शेंगदाणे, पीठ आणि खोबरं कधीही जास्त भरू नका. शेंगदाण्याचा कूट खवट झाला की सगळी भाजी वाया जाते. कूट आठवडा-पंधरवड्यापुरताच करावा. दळण पाच किलोचंच द्यावं, विशेषतः बाजरीचं, कारण बाजरीचं पीठ लवकर कडू होतं.

पाकिटावर छापलेल्या एकूण किमतीपेक्षा ग्रॅमचा किंवा किलोचा दर बघायची सवय लावा. तो हल्ली पाकिटावर बारीक अक्षरांत असतो. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं असं नाही. तेलाच्या पिशवीचं तर वजन आवर्जून वाचा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण शेजारी ठेवलेली, तशीच दिसणारी पिशवी ८०० किंवा ८५० ग्रॅमची असू शकते. स्वस्त वाटते कारण ती लहान असते. ‘एकावर एक फुकट’ असलं तर मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: फुकटातलं दुसरं नसतं तर पहिलं घेतलं असतं का?

भाजीबद्दल एकच. जी महाग झालीय ती भाजी त्या आठवड्यात घरात आणू नका. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो कित्येक शहरांत किलोला दीडशे रुपयांच्या पुढे गेला होता आणि लोक पाव-पाव किलो विकत घेत होते. आपल्या स्वयंपाकाला आंबटपणाचं काय कमी आहे? आमटीला चिंच-गूळ किंवा आमसूल, भाजीला आमचूर, आणि ताकाची कढी तर आहेच. चिंच वर्षाची एकदा आणून मीठ लावून बरणीत भरली की टोमॅटोच्या भावाकडे बघायचं कारण उरत नाही.

साल, देठ, पाला

दोडक्याच्या शिरांची चटणी सगळ्यांना माहीत असते, करतं कुणी नाही. शिरा तेलावर कुरकुरीत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल तिखट, मीठ घालून भरड कुटायचं. आठवडाभर टिकते. दुधीच्या सालीचीही तशीच होते. फ्लॉवरचे कोवळे देठ आणि पानं चिरून पीठ पेरलेल्या भाजीत जातात, मुळ्याच्या पाल्याची मूगडाळ घालून भाजी होते, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात घातला तर खाणाऱ्याला कळतही नाही. सालं वापरायची तर भाजी नीट धुतलेली हवी.

दुधाचा हिशोबही करून बघा. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के असतो, फुल क्रीममध्ये ६. घरात तूप विकत येत असेल तर फुल क्रीम घेऊन साय साठवणं आम्हाला तरी परवडतं: विरजण, लोणी, तूप, आणि हाताशी ताक, ज्याची शनिवारी कढी. तळाची बेरी कणकेत मळायची. ज्यांच्याकडे तूप फारसं खात नाहीत त्यांनी हा उद्योग करू नये.

उरलेलं, पण जपून

शिळ्याला नाक मुरडायचं कारण नाही, निष्काळजीपणा मात्र नको. भाताची विशेष काळजी घ्यावी लागते. शिजलेला भात ओट्यावर रात्रभर राहिला तर त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून जेवणं झाल्यावर तासाभरात तो पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडकडीत गरम करून फोडणीचा भात करा. पोळीचं तसं नाही, कालची पोळी फोडणीला उलट चांगलीच. चुरा जाड ठेवायचा, कांदा भरपूर, शेवटी साखरेची चिमूट आणि लिंबू. काही घरांत हिला माणिकपैंजण म्हणतात. नावामुळे मुलंही खातात.

त्याआधीचा उपाय मात्र साधा आहे. पोळ्या मोजून करा. जेवायच्या आधी ‘तुला किती?’ विचारायला दहा सेकंद लागतात. मी आठवडाभर विचारत राहिले तेव्हा लक्षात आलं की आम्ही रोज चार पोळ्या उगाचच करत होतो, केवळ सासूबाईंच्या वेळचं माप हातात बसलं होतं म्हणून.

गॅसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डाळ भिजवून लावा, कुकरमध्ये वरण-भातासोबत उद्याचे बटाटेही ठेवा, शिट्टी येताच आच बारीक करा.

दमलेल्या संध्याकाळचा डबा

आता त्या चौथ्या रकान्याकडे. बाहेरून जेवण मागवलं जातं ते हौसेने क्वचित, बहुतेक वेळा दमल्यामुळे. त्यामुळे ‘बाहेरचं बंद’ असा फतवा काढून काही होत नाही. पंधरा-वीस मिनिटांत ताट होईल असं काहीतरी कायम हाताशी हवं.

आमच्याकडे एका मोठ्या डब्यात चार वस्तू वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि रोजच्या स्वयंपाकात त्यांना हात लावायचा नाही असा नियम आहे: थालिपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, भाजलेला रवा, मेतकूट. कुळथाचं पिठलं पंधरा मिनिटांत होतं, तेवढ्यात कुकरला भात. मेतकूट-तूप-भात आणि भाजलेला पापड हे जेवण माझ्या मुलीच्या मते पिझ्झ्यापेक्षा थोडंसंच कमी आहे. अंडी खात असाल तर अर्धा डझन अंडी या डब्याची पाचवी वस्तू समजा.

महिन्यातून एक दिवस मात्र ठरवून बाहेर जेवतो. तो दिवस वहीत आधीच लिहिलेला असतो, चौथ्या रकान्यात, पेनाने.